हात थांबायचा, पंप थांबत नाही

काल रात्री तुझा फोन आला तेव्हा मी भाकरी थापत होते, म्हणून दोन शब्दांत आवरतं घेतलं. "ताई, सोलरचा फवारणी पंप घेऊ का?" एवढंच विचारलंस. हो किंवा नाही म्हणून मी मोकळी झाले असते. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर तुझा आवाज पुन्हा आठवला. तुझे हे दिवाळीपासून सुरतेला. सालदार ठेवणं परवडत नाही, फवारणीच्या दिवसांत मजूर सापडत नाही, आणि सापडला तर पंपामागे पैसे सांगतो. म्हणजे म्हसावदकडच्या त्या अडीच एकरात यंदा पंप तुझ्याच पाठीवर चढणार. मग मला नीट बसून बोललंच पाहिजे. चहा घेऊन बस. लेकराला जरा बाहेर खेळू दे.

आबांचा पितळी पंप आठवतो का गं तुला? तू लहान होतीस. डाव्या हाताने दांडा मारायचा, उजव्या हातात नळी धरायची. मिनिटाला पंधरा-वीस दांडे. दांडा थांबला की फवाऱ्याची धार लगेच गळून जायची. दहाव्या पंपाला आबांचा हात कोपरापासून लटपटायला लागायचा. मग ते बांधावर बसायचे, पंप उतरवायचे आणि म्हणायचे, "बस आता, उरलेलं उद्या." तेव्हा मला वाटायचं, पंप हलका असता तर आबांचं शेत एका दिवसात झालं असतं.

मी बॅटरीचा पंप घेतला त्या वर्षी नेमकं तेच झालं. बटण दाबलं की मोटर गुरगुरते आणि बारीक धुक्यासारखा फवारा सुरू. डावा हात रिकामा! मला इतका आनंद झाला की सकाळी सातला कपाशीत शिरले ते दुपारी तीनला बाहेर आले. बावीस पंप झाले. हात दुखत नव्हते, पाठही फारशी दुखत नव्हती. मी विहिरीवर तोंड धुतलं, घरी आले, आणि दिवेलागणीला बल्बभोवती मला कडं दिसायला लागलं. डोळ्यांतून पाणी, तोंडाला लाळ, पोटात ढवळून येतंय. तुझ्या दाजींनी मोटरसायकलवर बसवून शहाद्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी बॅटरी मारून डोळ्यात पाहिलं. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. "किती वेळ फवारत होता?" मी सांगितलं, आठ तास. ते म्हणाले, "दमला नाहीत?" मी नाही म्हटलं. ते गप्प बसले.

तुला हे कधी सांगितलं नव्हतं. आईला तर अजूनही माहीत नाही. पण तेव्हापासून एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसली आहे. जुन्या पंपावर हात दुखायचा, म्हणून माणूस थांबायचा. त्या दुखण्याचा आपल्याला राग यायचा, पण राखण तेच करत होतं. नवा पंप थांबत नाही. म्हणून किती वाजता थांबायचं हे आता आपल्याला ठरवावं लागतं. तुझ्या प्रश्नाचं माझं सगळं उत्तर यातच आहे. बाकीचं आता तपशिलाचं बोलू.

यवतमाळचं तू ऐकलं असशील. २०१७ च्या जुलै ते ऑक्टोबरात तिथे कपाशी फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं गेली, शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. सरकारला विशेष तपास पथक नेमावं लागलं. कारणं एकात एक गुंतलेली होती. त्या साली कपाशी डोक्याच्या वर वाढलेली, म्हणजे फवारा वर मारायचा आणि अंगावर झेलायचा. दोन-तीन औषधं एकाच टाकीत कालवलेली. उकाडा असा, की अंगाला घाम आणि त्या घामातून विष आत. आणि जास्त दाबाचे, बारीक फवारा करणारे बॅटरीचे पंप, हेही कारण तेव्हा पुढे आलं. बारीक थेंब पानाला छान चिकटतो, तसाच तो हवेत तरंगतो आणि नाकात जातो. गेलेल्यांत बरेच जण मजुरीने फवारणारे होते. त्यांच्या हाताला दुखलं असतं, तर त्यातला एखादा तरी बांधावर बसला असता, असं मला राहून राहून वाटतं.

आता सोलरकडे वळू. दुकानदार तुला म्हणेल, "लाइटबिल वाचतं." हिशेब करू. या पंपात बहुधा १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासाची बॅटरी असते. बारा गुणिले आठ म्हणजे ९६ वॉट-तास. एक युनिट म्हणजे हजार वॉट-तास. म्हणजे पूर्ण बॅटरी भरायला, वाया जाणारं धरूनही, दीड दशांश युनिटच्या आसपास वीज लागते. एक रुपया, फार तर दीड. एवढ्यासाठी कोणी सोलर घेऊ नये. पेट्रोलच्या पंपाशी तुलना केलीस तर मात्र फरक मोठा आहे. तिथे तास-दोन तासांत शंभर रुपयांचं पेट्रोल फुर्र होतं, वर तो आवाज आणि तो धूर पाठीला बांधून चालायचं.

मग सोलर कोणाला उपयोगाचं? ज्याचं शेत घरापासून लांब आहे, ज्याच्या पाड्यावर लाइट आली तर आली, ज्याला फवारणीच्या ऐन दिवशी "रात्री लाइटच नव्हती, बॅटरी भरली नाही" म्हणून घरी बसावं लागतं, त्याला. तुझं शेत घरापासून दोन-अडीच किलोमीटर, आणि तुमच्याकडची लाइट तर तुला माहीतच आहे. म्हणून तुझ्या बाबतीत मी "घे" म्हणते. उन्हाची तर आपल्याकडे ददात नाही. शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ पासून उभा आहे. तुझ्या पंपाचं पॅनल वीस वॉटचं. म्हणजे त्या प्रकल्पात तुझ्यासारखे साडेबासष्ट लाख पंप बसतात! ऊन तेच, फक्त आपल्या वाट्याला ओंजळभर.

पण पॅनल पाठीवर बांधलेला पंप घेऊ नको. दिसायला तो मोठा झोकदार. डोक्यावर पॅनल, सावली पडते, चालता चालता चार्ज होतो, असं सांगतात. शेतात काय होतं ते ऐक. फवारणीची योग्य वेळ सकाळी किंवा संध्याकाळी. तेव्हा वारा कमी असतो, फवारा उडत नाही, पानावर लगेच वाळतही नाही. पण त्या वेळी ऊन तिरपं आणि पॅनलला मिळतं ते नावाला. भर बाराला पॅनल जोरात चालतं, आणि भर बाराला आपण फवारायचंच नसतं. पॅनलचं वजन दीड-दोन किलो वेगळंच, वर ते पपईच्या देठांना अडकतं. तेव्हा पॅनल सुटं मिळणारा पंप बघ. पॅनल खोपीच्या पत्र्यावर दक्षिणेकडे तोंड करून तारेने घट्ट बांध. सकाळी फवारा, दहाला पंप धुऊन खोपीत ठेव, वायर जोड आणि घरी ये. दुपारभर ऊन बॅटरी भरेल. सकाळी आपलं काम, दुपारी उन्हाचं.

त्याचा हिशेबही जमतो. मोटर साधारण दोन-अडीच अँपिअर खेचते. दोन तास खरोखर फवारलंस, तर साठ वॉट-तासांच्या आसपास खर्च होतात. वीस वॉटचं पॅनल स्वच्छ उन्हात चार-पाच तासांत तेवढं परत भरून देतं. श्रावणात आभाळ गच्च असलं की त्याच्या पावही भरणार नाही. त्या दिवसांसाठी घरच्या लाइटवर चालणारा चार्जरही पंपासोबत मागून घे. आणि पॅनल नि बॅटरीच्या मध्ये चार्ज कंट्रोलर आहे का, ते विचार. १२ व्होल्टचं म्हणतात त्या पॅनलमधून उन्हात १७-१८ व्होल्ट येतात. कंट्रोलरशिवाय थेट जोडलं तर बॅटरी उकळते आणि एका हंगामात संपते. माझी पहिली बॅटरी अशीच गेली. दुकानदार म्हणाला होता, "काही लागत नाही ताई, डायरेक्ट लावा." लागतं गं.

बॅटरी दोन जातींची मिळते. शिशाची स्वस्त, पण जड. लिथियमची महाग, पण हलकी आणि जास्त वर्षं टिकणारी. पैसे जमले तर लिथियमची घे, कारण ते वजन तुझ्या पाठीवर येणार आहे. शिशाची घेतलीस तर ती पार उतरू देऊ नको. फवाऱ्याची धार मंद झाली की बंद कर. हंगाम संपल्यावर पंप माळ्यावर टाकून विसरू नको, महिन्यातून एकदा चार्ज कर, नाहीतर जूनमध्ये काढशील तेव्हा ती मेलेली असेल. आणि मेलेली बॅटरी पोरांना फोडायला देऊ नको. शिसं हेही विषच. दुकानात परत दे, मोडीचे पैसे वजा होतात.

आता वजन. सोळा लिटरची टाकी पूर्ण भरली तर पाणी सोळा किलो, पंप पाच-सहा किलो. बावीस किलो पाठीवर घेऊन ओल्या काळ्या मातीत चालायचं. दोन बाळंतपणं झालेल्या बाईने ते करू नये, आणि कोणी वर्षानुवर्षं करत असेल तर त्यात मोठेपणा काही नाही. तू बाराच लिटर भर. टाकीवर खुणा असतात. त्या पुसट असतील तर बाराच्या रेषेवर नेलपॉलिश लाव. माझ्या पंपावर लाल रेघ आहे, तुझे दाजी हसतात, पण त्यांचाही हात तिथेच थांबतो.

बारा लिटर म्हटलं की औषधाचं माप बदलतं. इथे मोठी गफलत होते, म्हणून लक्ष दे. आपल्याकडे सगळे "पंपाला" बोलतात. "पंपाला तीस मिली टाका." कुठल्या पंपाला? जुना पंधरा लिटरचा होता, नवा कोणाचा सोळाचा, कोणाचा वीसचा, तुझा बाराचा. दुकानातून निघताना एकच विचारायचं: "लिटरला किती?" पंधरा लिटरला तीस म्हणजे लिटरला दोन मिली. मग तुझ्या बारा लिटरला चोवीस. लहानग्यांच्या खोकल्याच्या औषधाबरोबर मिळतं तसं मापाचं झाकण किंवा मापाचा पेला वेगळा ठेव, त्यावर खूण कर, आणि तो घरात येता कामा नये. बाटलीच्या झाकणाने अंदाजे ओतू नको. आणखी एक. पेट्रोलच्या पॉवर पंपाला पाणी कमी लागतं, म्हणून त्याच्यासाठी औषधाची मात्रा तिप्पट सांगतात. बॅटरीचा, सोलरचा पंप पॉवर पंप नव्हे. कोणी "मशीनचा पंप आहे ना, मग तिप्पट टाक" म्हणालं तर ऐकू नको. पीक जळेल, आणि आधी तू.

तुझ्या शेताला पाणी किती लागतं, तेही स्वतः मोजून घे. सकाळी साधं पाणी भरून एक गुंठा फवार. तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद. किती लिटर गेलं ते बघ. समज चार लिटर गेलं, तर एकराच्या चाळीस गुंठ्यांना एकशे साठ लिटर. ही रंगीत तालीम नुसत्या पाण्याने केली की चार गोष्टी कळतात: नळी कुठे गळते, झाकणातून पाठीवर ओघळ येतो का, पट्टा खांद्याला कुठे कापतो, आणि आपण किती भरभर चालतो. विष भरल्यावर हे कळून काय उपयोग?

नोझल दोन ठेव. कीडनाशकाला गोल, पोकळ फवारा देणारं. तणनाशकाला पंख्यासारखा पसरट फवारा देणारं. आणि माझं ऐकशील तर तणनाशकाचा पंपच वेगळा ठेव. आबांचा जुना हातपंप गोठ्यात पडलाय, तो घे. टू-फोर-डी मारलेला पंप तीनदा धुतला तरी वास राहतो, आणि तोच पंप कपाशीत गेला तर पानं भेंडीच्या पानांसारखी चिरतात, महिनाभर झाड वर येत नाही. नोझल बुजलं तर तोंडाने फुंकू नको. हे मी शंभर माणसांना करताना पाहिलंय. जुना दात घासायचा ब्रश दोरीने पंपाला बांधून ठेव.

आता कपड्यांचं. तू म्हणशील, साडीवर यांचा जुना शर्ट घालते. आपण सगळ्याच घालतो. पण फवारा ओल्या पिकातून पायाला लागतो. साडीचा काठ भिजतो आणि दिवसभर पोटऱ्यांना चिकटून राहतो. फवारणीच्या दिवशी सलवार किंवा नवऱ्याची पँट घाल, ती गमबुटाच्या बाहेर सोड, आत खोचू नको, नाहीतर ओघळ बुटात साचतो. पाठीवर शर्टाच्या आत प्लास्टिकचा कागद. हातमोजे रबरी, लांब. तोंडाला पदर किंवा रुमाल बांधला की विष थांबतं असं वाटतं, पण ओला पदर उलट तेच विष नाकाशी धरून ठेवतो. फवारणीचा मास्क मिळतो, तो घे. वारा पाठीवर घेऊन चाल. आणि सगळ्यात जास्त धोका फवारताना नसून औषध कालवताना असतो. तिथे ते पाण्यात मिसळलेलं नसतं. गावात फवारतात पुरुष आणि पाणी वाहून कालवून देतात बायका, तेही उघड्या हाताने. संध्याकाळी ते कपडे धुतातही त्याच. आता तू एकटीच सगळं करणार, तर निदान काडीने ढवळ, मोजे घालून ढवळ, आणि ते कपडे लेकराच्या कपड्यांत मिसळू नको.

बाटलीवर रंगीत चौकट असते, तिचा खालचा त्रिकोण बघायची सवय लाव. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सगळ्यात सौम्य. दुकानात लालवाली बाटली पुढे आली तर "निळ्या-हिरव्यात काही आहे का?" असं विचारायला लाजू नको. पोटात बाळ असेल किंवा अंगावर पाजत असशील, तर पंपाला हातच लावायचा नाही. हे मी थोरली म्हणून दटावून सांगते आहे.

आणि डोकं जड झालं, नजर धूसर झाली, लाळ सुटली, दरदरून घाम फुटला, तर "उन्हामुळे असेल" म्हणत बसू नको. तीच चूक मी केली होती. पंप उतरव, कपडे काढ, साबणाने अंग धू, १०८ ला फोन कर आणि बाटली सोबत घे. बाटली सापडली की डॉक्टरांना विषाची जात कळते आणि ॲट्रोपिन द्यायचं का, हे लगेच ठरवता येतं. लिंबू-सरबत, ताक, गावठी इलाज यात वेळ घालवू नको. म्हणून फवारायला जाशील तेव्हा कुणाला तरी सांगून जा. एकटी गेलीस तरी कुणाच्या तरी कानावर घालून जा.

इतकं बोलले, पण फवारणी कमी कशी होईल हे सांगितल्याशिवाय मला झोप येणार नाही. पंप हाताशी आला की उगाच मारावंसं वाटतं, शेजाऱ्याने मारलं म्हणून आपणही. कपाशीत कामगंध सापळे लाव, हेक्टरी पाच. रोज सकाळी पतंग मोज. सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग अडकले, तरच गुलाबी बोंडअळीसाठी औषध काढायचं. मिरचीत बोकड्या दिसला की आधी पान उलटून बघ, फुलकिडे आहेत की कोळी. दोघांची औषधं वेगळी. आणि पपईवर रिंगस्पॉट आला तर पंप घरीच ठेव. तो व्हायरस, त्यावर औषध नाही. मावा तो पसरवतो. रोगट झाड लवकर उपटून पुरलेलं बरं. शहाद्याच्या पपईपट्ट्यात व्हायरसवर फवारे मारून लोकांनी किती पैसा मातीत घातला, त्याची गणती नाही.

निंबोळी अर्क करशील तर उत्तम. पाच किलो निंबोळीचा भरडा रात्रभर पाण्यात भिजत घालायचा, सकाळी गाळून शंभर लिटर पाणी करायचं, थोडा साबणचुरा. पण गाळताना आळस नको. बॅटरीच्या पंपाची जाळी बारीक असते. मी एकदा एकाच पदराने गाळलं आणि दर दहा मिनिटांनी नोझल उघडत बसले. दोनदा गाळ, दुसऱ्यांदा जुन्या धोतराच्या दुहेरी घडीतून.

पैशांचं. बॅटरीचा साधा पंप अडीच-तीन हजारांपासून मिळतो, पॅनल नि कंट्रोलर त्यावर. घाई करून आधी विकत घेऊ नको. महाडीबीटी पोर्टलवर कृषी यांत्रिकीकरणात अर्ज कर. अल्पभूधारक, महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना ५० टक्के, इतरांना ४० टक्के अनुदान असतं, सरकारने ठरवलेल्या मर्यादेत. पूर्वसंमती हातात आल्यावरच खरेदी, आधीचं बिल चालत नाही. यादीत कोणते पंप बसतात ते सहायक कृषी अधिकाऱ्याला विचार. नंदुरबारच्या कृषी विज्ञान केंद्रातही जाऊन ये.

पण अर्जाला जमीन नावावर असावी लागते, आणि इथे मला तुला एक टोचणारा प्रश्न विचारायचा आहे. सातबाऱ्यावर तुझं नाव आहे का? पंप तुझ्या पाठीवर, विष तुझ्या नाकात, आणि कागदावर तू शेतकरीच नाहीस. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली, आणि १९९२ मध्ये सरकारने लक्ष्मीमुक्तीचं परिपत्रक काढलं, नवऱ्याच्या राजीखुशीने बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावता यावं म्हणून. तीस वर्षं उलटून गेली, आपल्या गावात किती जणींची नावं लागली, बोटांवर मोजून सांग. तुझे हे पोळ्याला घरी येतील तेव्हा भांडण करू नको. पुरणपोळी वाढताना म्हण, "अनुदानाचा अर्ज मला करता येईल, माझं नाव लावून टाकू का?" पैशाच्या दाराने का होईना, ते आत येईल. मीही असंच लावून घेतलं.

बचत गटात तुम्ही बाराजणी आहात ना? मग प्रत्येकीने पंप घ्यायची गरज नाही. तीन पंप, एका वहीत वार लावून वापरा, आणि हातमोजे, मास्क प्रत्येकीचे स्वतःचे. ड्रोन दीदीचं ऐकलं असशील. २०२३ च्या शेवटी केंद्राने ती योजना आणली, १५ हजार महिला गटांना ड्रोन, ८० टक्के, म्हणजे जास्तीत जास्त आठ लाखांपर्यंत मदत. पुढे मागे बघू. आपले दोन-दोन बिघ्यांचे तुकडे, मधे बांधावर निंब आणि बाभळी, तिथे आज तरी पाठीवरचाच पंप.

आणि मजुरीने कोणी बाई तुझ्याकडे फवारायला आली, तर तिला मोजे तू दे. शहाद्याच्या मजूर बायकांनी सत्तरच्या दशकात गावोगाव फिरून दारूची मडकी फोडली होती. त्यांच्या लेकी-नातींनी मोज्यांसाठी आपल्यापुढे हात पसरायला लागावा, हे काही बरं नाही.

आता शेवटचं, आणि एवढं माझं ऐकच. किती पंप मारायचे हे शेतात ठरवायचं नाही, घरून निघताना ठरवायचं. मी खिशात आठ खडे ठेवते. एक पंप संपला की एक खडा बांधावर टाकायचा. आठ संपले की ओळ अर्धी राहिली असली तरी पंप उतरवायचा. बारा-बारा लिटरचे आठ म्हणजे शहाण्णव लिटर, साडेसहाला सुरू केलं तर दहापर्यंत होतात. तुझे अडीच एकर चार-पाच सकाळींत निघतील. लोक म्हणतील, एवढी मशीन घेऊन पाच दिवस लावते. म्हणू देत.

शनिवारी तुझे दाजी तिकडे येत आहेत. त्यांच्यासोबत आबांचा हातपंप पाठवते, तणनाशकाला. त्याच्या टाकीत एक पुडी ठेवली आहे, ती आधी काढून घे. गोमाई नदीतले आठ गोटे आहेत, बोराएवढे, गुळगुळीत. परवा पाण्यात उतरून मीच वेचले.